मुका कॉम्प्युटर

नगरच्या सावेडीतल्या त्या गल्लीत रोज दुपारची वामकुक्षी आटोपली, की लीना धर्माधिकारी चष्म्याची डबी आणि निवडायची मेथी घेऊन घराबाहेर पडायच्या आणि शेजारी मुक्ताबाईंच्या घरात शिरायच्या. दोघी मिळून तिथे सिनेमा बघायच्या. गल्लीला यात वावगं काही दिसत नव्हतं. वाईट वाटायचं ते एकट्या मार्तंड धर्माधिकारी सरांना. ज्या घरातून बायको निघून जायची, त्या घरात मुक्ताबाईंच्या टीव्हीच्या दुप्पट मोठा टीव्ही होता, ऐसपैस सोफा होता, आणि त्या सोफ्यावर दिवस मावळेपर्यंत सर एकटेच बसलेले असायचे.

सर भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. जमेची बाजू मांडायची तर माणूस निर्व्यसनी, मनाचा मऊ, आणि पापड न करपवता भाजणारा. दुसऱ्या बाजूला काय मांडायचं ते गोष्टीच्या ओघात येईलच. मुलगी ईरा नोकरीसाठी हैदराबादला गेली, तेव्हापासून घर मोठं झाल्यासारखं वाटत होतं. सरांनी आयुष्यभर जमवलेली नाटकं आणि सिनेमे एका जुन्या कॉम्प्युटरवर साठवले होते आणि तो टीव्हीला जोडला होता. निवृत्तीनंतर दोघं मिळून ते बघायचे, असा बेत. बेत दोनेक महिने चालला. मग एका दुपारी लीनाताई उठल्या आणि म्हणाल्या, "त्या गिरणीशेजारी बसून माझं डोकं उठतं बाई," आणि गेल्या.

गिरणी म्हणजे तो कॉम्प्युटर. तो चालू केला की खरोखरच ज्वारी दळायला टाकल्यासारखी घरघर व्हायची. नाटकातली नायिका हुंदका द्यायची आणि तो हुंदका भरडून बाहेर यायचा. सरांना कारण पटलं. पटलं म्हणजे इतकं पटलं, की दुसरं काही कारण असू शकेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. भौतिकशास्त्रात एक कारण सापडलं आणि ते मोजता येत असलं, की माणूस पुढे शोधत नाही.

"तू माझ्याजवळ बस" हे तीन शब्द बायकोला म्हणायचे, की अख्खा कॉम्प्युटर सुट्या भागांतून बांधायचा? सरांना दुसरं सोपं वाटलं. मात्र जगाला सांगताना ते "ध्वनीची गुणवत्ता" असं म्हणायचे.

जग म्हणजे मुख्यतः पीरमहंमद. हा सरांचा शाळेपासूनचा मित्र, 'पीरमहंमद साउंड सर्व्हिस'चा मालक. तिसगावपासून कर्जतपर्यंतची लग्नं, जत्रा आणि उद्घाटनं त्यानं हयातभर दणाणून सोडली होती. आता धंदा मुलगा बघायचा, आणि पीरमहंमद सल्ला द्यायला मोकळा होता.

"मास्तर," सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "माझ्याकडं लोक आवाज वाढवायला येत्यात. कमी करायला आलेला तू पहिलाच."

"कमी नाही पीऱ्या. शून्य पाहिजे."

"शून्य पाहिजे तर बंद ठेव ना. खर्च बी न्हाई."

"चेष्टा नको. तुला पंखे कळतात, मला उष्णता कळते. दोघं मिळून होईल."

"वहिनींना काय कळतंय ते विचारलं का?"

सरांनी हा प्रश्न कामाशी संबंधित नसल्यासारखा सोडून दिला.

मग खोकी यायला लागली. एक स्टेशन रोडच्या दुकानातून, दोन कुरिअरनं, एक पुण्याहून येणाऱ्या भाच्याच्या गाडीतून. मदरबोर्डचं खोकं, प्रोसेसरचं खोकं, पंख्याचं खोकं, आणि एका खोक्यात नुसतेच स्क्रू. लीनाताई प्रत्येक वेळी दार उघडायच्या आणि सही करायच्या.

"अहो, हा कॉम्प्युटर आहे की रुखवत? तुकड्यातुकड्यानं येतंय."

"सुटं सुटं घेतलं की प्रत्येक भाग आवाज बघून निवडता येतो," सर उत्साहानं म्हणाले. "बघ, छोटा पंखा वारा कमी टाकतो, म्हणून त्याला जोरात फिरावं लागतं, म्हणून तो किंचाळतो. मोठा पंखा सावकाश फिरला तरी काम भागतं. आता यातलं तत्त्व असं, की..."

लीनाताईंना गॅसवर काहीतरी आठवलं आणि त्या आत गेल्या. तत्त्व हॉलमध्येच राहिलं.

जुळवाजुळव जेवणाच्या टेबलावर झाली. सरांनी खाली पांढरी चादर अंथरली, हात साबणानं धुतले आणि पीरमहंमदलाही धुवायला लावले. पीरमहंमद म्हणाला की नमाजाला सुद्धा यापेक्षा कमी पाण्यात भागतं. प्रोसेसर कमी तापणारा निवडला होता. त्याच्या डोक्यावर तांब्याच्या नळ्यांचा आणि पत्र्यांचा रुंद, बुटका मनोरा बसवायचा होता, म्हणजे उष्णता त्यातून पसरून जाईल. दोन्हींच्या मधे उष्णता वाहून नेणारी राखाडी पेस्ट लावायची. सर ट्यूब हातात धरून मनातल्या मनात क्षेत्रफळ काढत उभे राहिले.

"किती लावायची?" सरांनी स्वतःलाच विचारलं.

"पानाला चुना लावत्यात तेवढी," पीरमहंमद म्हणाला. "जास्त लावली तर तोंड पोळंल."

फिरणारी जुनी हार्ड डिस्क गेली, तिच्या जागी बिनहालचालीची आली. वीजपुरवठ्याच्या डब्यातला पंखा तापल्याशिवाय फिरणारच नाही असा होता. कॅबिनेट बसकं, टीव्हीखालच्या फळीवर मावणारं, माथ्यावर जाळी असलेलं. त्या जाळीखाली तो मोठा सावकाश पंखा. पंख्याची थरथर पत्र्याला लागू नये म्हणून पीरमहंमदनं सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून स्क्रूखाली घातले, आणि सरांनी ते तुकडे बरोबर चौकोनी नाहीत म्हणून पुन्हा कापले.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा निळा दिवा लागला. बाकी काहीच झालं नाही.

"कुठं काय चुकलं?" पीरमहंमदनं विचारलं.

"चालू आहे."

"गंडवतो का?"

"टीव्हीकडे बघ."

टीव्हीवर चित्र होतं. पीरमहंमदनं कान कॅबिनेटला लावला, मग जाळीवर तळहात धरला. हाताला वारा लागत होता आणि कानाला काही लागत नव्हतं. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"लई बेकार धंदा हाय हा," शेवटी तो म्हणाला. "आवाजच न्हाई, तर गिऱ्हाइकाला कळायचं कसं की माल चालू हाय?"

सरांनी आनंदानं हात चोळले. पण शांततेची एक गंमत असते. एक आवाज गेला की त्याच्या मागे दडलेला दुसरा पुढे येतो. आता भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. सरांनी त्यातला सेल काढला. मग फ्रीज ऐकू यायला लागला. सर स्वयंपाकघराकडे वळले, तेव्हा लीनाताई फ्रीजच्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या.

"हात लावाल तर दूध तुमच्या उशाशी ठेवीन," त्या म्हणाल्या.

फ्रीज वाचला. सरांनी विषय बदलला. "दसऱ्याला दुपारी पहिला खेळ. पीऱ्या येतोय. मुक्ताबाईंनाही बोलवू." मुक्ताबाईंना बोलवण्यात हिशेब होता. त्या इकडे आल्या, तर तिकडे जाऊन भेटण्यासारखं उरलंच कोण? "तू बसशील ना?"

लीनाताईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यावर शाळकरी पोराची अधीरता होती. "बघू," त्या म्हणाल्या. "आवाज आला नाही तर बसेन."

आदल्या दिवशी खंडेनवमी. घरातल्या यंत्रांची पूजा. शिवणयंत्र, मिक्सर, अंगणातली स्कूटर, आणि या वर्षी हॉलमधला नवा पाहुणा. सरांनी पूजेआधी सगळ्यांना, म्हणजे लीनाताईंना, ताकीद दिली. "यंत्राला गंध लावायचं नाही, कुंकू शिंपडायचं नाही. धूळ हा पंख्याचा शत्रू आहे. श्रद्धा असावी, पण जाळीपासून हातभर लांब." लीनाताईंनी मान डोलावली आणि कॅबिनेटशेजारी कागद ठेवून त्या कागदावर झेंडूचं एकच फूल ठेवलं. धर्माधिकाऱ्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या पूजा सांगणारं, त्यामुळे बाहेरून गुरुजी बोलवायची पद्धत नव्हती. सर सोवळं नेसून, तबक हातात घेऊन, खणखणीत आवाजात मंत्र म्हणत एकेका यंत्रापुढे फिरले. पूजा यथासांग झाली.

दसऱ्याला श्रीखंड जरा जास्तच झालं होतं, तरी सर झोपले नाहीत. खेळाआधी एकदा तपासावं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

टर्रर्र. टिक्. टिक्. खर्रर्र.

 त्यांनी बंद केलं, पुन्हा चालू केलं. टर्रर्र. स्वयंपाकघरात भांडी घासण्याचा आवाज थांबला. लीनाताई ऐकत होत्या.

सरांनी पीरमहंमदला फोन लावला. तो आपट्याची पानं एका खिशात आणि स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या खिशात घेऊन आला, पानं देऊन गळाभेट झाली, आणि लगेच भांडण सुरू झालं.

"तू निवडलेला पंखा, बघ."

"निवडला तू. मी नुसतं चांगला म्हणालो."

"तुझे ते ट्यूबचे तुकडे असमान होते. असंतुलन झालंय. कंपन वाढलंय."

"कंपन न्‌ फिंपन काय न्हाई. बेअरिंग गेलंय. मी पैजेवर सांगतो, बेअरिंग."

"काल सकाळपर्यंत चालत होतं."

"माणूस बी काल सकाळपर्यंत चालत असतोच की, मास्तर."

दोघांनी मिळून झाकण काढलं. पंख्याचं पातं बोटानं फिरवलं, तर ते अडून अडून फिरत होतं. पीरमहंमद विजयी मुद्रेनं म्हणाला, "बेअरिंग." सर म्हणाले, "असंतुलन." शेवटी कॅबिनेट दोन्ही बाजूंनी धरून चादरीवर पालथं केलं आणि वरून थापटी मारली.

टपटप करत तांदळाचे दाणे पडले. कुंकवानं लाल झालेले.

पीरमहंमदनं एक दाणा चिमटीत उचलून उजेडात धरला. "आत बिर्याणी लावली हुती का?"

"लीना!" सरांचा आवाज चढला. "हे काय? मी सांगितलं होतं ना, काही शिंपडायचं नाही!"

लीनाताई हात पुसत बाहेर आल्या. दाणे बघितले. मग शांतपणे म्हणाल्या, "मी फूल ठेवलं. तेही कागदावर. तबक कुणाच्या हातात होतं?"

सरांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्यांना मंत्राची शेवटची ओळ आठवली. ओळ संपली की उजवा हात आपोआप तबकात जातो, चिमूट भरतो आणि पुढे उडतो. वडिलांचा उडायचा, आजोबांचा उडायचा. टीव्हीवरच्या मालिकेत मंगलाष्टकं संपली तरी सरांचा हात सोफ्यावरून उचलला जायचा. डोकं भौतिकशास्त्राचं असलं तरी हात धर्माधिकाऱ्यांचा होता, आणि त्यानं ताकीद ऐकलीच नव्हती.

"म्हणजे मीच," सर म्हणाले.

"तुम्हीच," लीनाताई म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. पीरमहंमदनं दाणे गोळा करून सरांच्याच डोक्यावर टाकले आणि "आयुष्मान भव" म्हणाला. झाकण बसलं, बटण दाबलं, निळा दिवा लागला. शांत. सरांनी बायकोकडे पाहिलं. लीनाताई म्हणाल्या, "बसते, बसते. चहा टाकू दे आधी."

मुक्ताबाई चहाच्या वेळी शेंगांची परडी घेऊन आल्या. मूळच्या कर्जतकडच्या, मुलाच्या नोकरीमुळे नगरात आलेल्या. आल्या आल्या टीव्ही बघून म्हणाल्या, "आगं बया, एवढ्या मोठ्या टीव्हीत मानसं आपल्यापेक्षा थोर दिसत्यात." त्या सोफ्याच्या एका टोकाला बसल्या, सर दुसऱ्या टोकाला, मधे लीनाताई. पीरमहंमदनं खुर्ची घेतली आणि चहा बशीत ओतला. सर, लीनाताई, सोफा. महिनोन्‌महिने जे जुळत नव्हतं ते जुळलं होतं. सरांनी हळूच एकदा बाजूला पाहून खात्री करून घेतली.

सिनेमा सुरू झाला. कुणीच न पाहिलेला, एक जुना रहस्यपट. अंधाऱ्या वाटेनं एक बैलगाडी येते. तिच्या चाकाची कुरकुर, लांब कुठेतरी टिटवी, गाडीवानाचा श्वास. सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मुक्ताबाईंनी शेंग फोडायची थांबवली.

सरांनी रिमोट उचलला. चित्र थांबलं.

"अडाकला का?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"नाही, मी थांबवला. आता बघा, बैलगाडी उजवीकडून डावीकडे जाते आहे. दिग्दर्शकानं हे मुद्दाम केलंय. आपली नजर डावीकडून उजवीकडे वाचते, म्हणून उलट दिशेनं येणारी गोष्ट मनाला अडते. हं, चला."

गाडी चार पावलं चालली. एक दिवाणजी कंदील घेऊन उतरला. चित्र थांबलं.

"कंदिलाची सावली बघा. प्रकाशाचा स्रोत जवळ असला की सावली मोठी पडते. म्हणजे हा माणूस पुढे मोठा होणार. किंवा मरणार. चला."

दिवाणजी विहिरीपाशी गेला. चित्र थांबलं.

लीनाताईंनी चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी मिटली. "मुक्ताबाई, तुमचं दळण आलं असेल नाही? बघून येऊ या का?"

सर तिच्याकडे वळले. "अगं, कुठं निघालीस? आता आवाज कुठाय? जरासा तरी येतोय का सांग!"

लीनाताई पदराचा काठ नीट करत बसल्या.

"सर, रागावू नगा," मुक्ताबाई म्हणाल्या. "आवाज येतोय."

सर ताडकन उठून कॅबिनेटपाशी गेले, कान लावला. "इथून नाही येत."

"तिथून न्हाईच. हितून येतोय, सोफ्यावरनं."

पीरमहंमदच्या बशीतला चहा नाकात गेला. सर वाकलेल्या अवस्थेतच थांबले. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेवटी बायकोकडे.

"लीना, गिरणीमुळे तुझं डोकं उठायचं ना?"

"अहो, तसं म्हणायचं असतं," लीनाताई हळू म्हणाल्या. "गिरणीचा मला काही त्रास नव्हता. उलट आधार होता. तुमचं निम्मं बोलणं तिच्यात जायचं. आता अक्षर न्‌ अक्षर ऐकू येतं."

हॉलमध्ये खरोखरीची शांतता पसरली. घड्याळाचा सेल काढलेला होता, त्यामुळे तिला टेकायलाही काही नव्हतं.

"मास्तर," पीरमहंमद डोळे पुसत म्हणाला, "तुझ्याखाली ट्यूबचा तुकडा घालायचा राहिला बघ."

सर सोफ्यावर येऊन बसले. वर्गातली पोरं शेवटच्या बाकावर झोपायची ती काय उकाड्यानं, असा एक प्रश्न त्यांच्या मनात येऊन गेला. पण बायको अजून दाराबाहेर गेली नव्हती. डबी हातात होती, पण ती बसलेली होती. सरांनी रिमोट उचलला, तिच्या मांडीवर ठेवला, आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले.

"लाव," ते म्हणाले.

लीनाताईंनी डबी उघडली.

सिनेमा पुढे सरकला. दिवाणजी विहिरीत पडला आणि सरांचं तोंड उघडलं. पडणाऱ्या वस्तूच्या वेगाबद्दल त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. त्यांनी तोंड मिटलं. वाड्यात दिवाणजीच्या बायकोनं आरशासमोर कुंकू पुसलं. आरशातल्या प्रतिमेबद्दल सरांच्या घशापर्यंत एक अख्खं व्याख्यान आलं आणि आवंढ्याबरोबर परत गेलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एकदा त्यांनी शेंगदाण्यांची मूठ तोंडात कोंबली, निव्वळ बंदोबस्त म्हणून. मुक्ताबाई एका डोळ्यानं सिनेमा आणि एका डोळ्यानं सरांना बघत होत्या, आणि करमणूक कुठे जास्त आहे हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

तासाभरानं वाड्याचं दार उघडलं आणि दिवाणजी आत आला.

लीनाताईंनी चित्र थांबवलं. "अहो, हा मघाशी विहिरीत पडला ना? मग हा कोण?"

इतक्या वर्षांच्या संसारात लीनाताईंनी सिनेमातलं काही आपणहून विचारलं, ते पहिल्यांदा. पीरमहंमद आणि मुक्ताबाईही सरांकडे वळले. सरांनी तोंड उघडलं. हक्काचा प्रश्न होता, हक्काचे श्रोते होते.

"मला माहीत नाही," सर म्हणाले.

"माहीत नाही म्हणजे?"

"मी गप्प बसत होतो. त्यात सिनेमा बघायचा राहिला."

लीनाताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मांडीखाली दाबून ठेवलेल्या त्या हातांकडे, लाल झालेल्या कानांकडे. मग त्या हसल्या. दाण्यांवरून हसल्या होत्या तशा नव्हे, जरा आतून, आणि सोफ्यावर थोड्या सरांच्या बाजूला सरकल्या. त्यांनी रिमोटनं सिनेमा मागे नेला, पार विहिरीपर्यंत.

"हे बघा, नीट लक्ष द्या," त्या म्हणाल्या. "इथे कंदील खाली पडतो, पण माणूस पडताना दिसतच नाही. नुसता आवाज येतो. म्हणजे दगड टाकला असणार. कळलं?"

"कळलं."

चित्र दोन पावलं पुढे गेलं आणि पुन्हा थांबलं. "आणि ही बाई कुंकू पुसते, पण रडत नाही. म्हणजे हिला ठाऊक आहे."

"आता बाई सुरू झाल्या," मुक्ताबाई पुटपुटल्या आणि त्यांनी नवी शेंग फोडली. पीरमहंमदनं खुर्ची मागे टेकवून डोळे मिटले.

सरांनी हात मांडीखालून काढले. "मग तिच्या मागे खिडकीत उभा तो माणूस कोण?"

"सांगते," लीनाताई म्हणाल्या. "मधे बोलू नका."

सर बोलले नाहीत.